दोन चोचींचा राघू

शेलूबाजारच्या बाजारात शालिकराम वांग्यांचा ढीग लावून बसला होता. गिऱ्हाईक नुकतं सुरू झालं होतं. तेवढ्यात गावाकडचा लखीराम जीपवाला समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शालिकभाऊ, दुकान आवरा. घरी चाला."

"काहून?"

"चाला तं खरं."

लखीराम एरवी बडबडा माणूस. गाडी चालवताना तो रस्ता सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचा. त्या दिवशी गाव येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. तेव्हाच शालिकरामने ओळखलं की कोणीतरी गेलं. कोण गेलं, हे विचारायला मात्र त्याची जीभ उचलली नाही.

गल्लीत गर्दी होती. पण ती त्याच्या दारात नव्हती, समोरच्या दारात होती. समोरचं घर हिरालालचं. हिरालाल त्याचा सख्खा धाकटा भाऊ, आणि दोघांत बोलणं बंद होऊन बारा-चौदा वर्षं झालेली. शालिकरामला वाटलं, हिरालाल गेला. आणि त्याचे पाय हळू झाले. त्याने जीपमधून टोपल्या उतरवल्या, एकीत एक घातल्या, तराजू नीट गुंडाळला. भावाच्या मरणाला लगबगीने जावं का सावकाश, गेलं तर लोक काय म्हणतील, असं सगळं त्याच्या मनात चाललं होतं. आणि तेवढ्यात त्याला हिरालाल दिसला. स्वतःच्या दाराशी डोक्याला हात लावून उभा होता. चांगला जिवंत होता.

शेजारची रुखमाबाई पदराने डोळे पुसत पुढे आली. "कस्तुरा गेली गा भाऊ. छातीत कळ आली अन् गेली."

कस्तुराबाई म्हणजे त्याची बायको. सकाळी तिने त्याला भाकर बांधून दिली होती. ती भाकर अजून टोपलीत तशीच होती.

"कुठं हाये?" त्याने विचारलं.

रुखमाबाईने हिरालालच्या अंगणाकडे हात केला.

शालिकरामला आधी रडू आलं नाही. आधी राग आला. माझी बायको या घरात कशाला गेली? बारा-चौदा वर्षं मी या उंबऱ्याकडे पाहिलं नाही, आणि ही मरायला इथे आली? तो दारापर्यंत गेला आणि थांबला. आत अंगणात हिरालालची बायको जिजाबाई भिंतीला टेकून बसली होती. कस्तुराचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

आमच्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर बाई डोक्यावर पदर ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. बोलायची वेळ आलीच तर मधे कोणाला तरी घालते. भासराही तिच्याशी तसाच वागतो. जिजाबाई त्या घरात नवरी होऊन आली तेव्हापासून शालिकरामशी एक शब्द बोललेली नव्हती. त्या दिवशी तिचा पदर खांद्यावर पडलेला होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"आत या."

"बाहेर आना तिले," शालिकराम गर्दीला म्हणाला.

"अवो, आत या. माह्या मांडीवर हाये ती."

"बाहेर आना."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काही जण आत गेले आणि कस्तुराला उचलून गल्लीत घेऊन आले. शालिकरामने उंबरा ओलांडला नाही.

तेरवी झाली. हिरालाल मसणात आला होता, पण सरणाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला. राख गार होईपर्यंत दोघं भाऊ एकमेकांची तोंडं चुकवत होते.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी लेक बेबी सासरी कामरगावला निघाली. तिचं पहिलं बाळंतपण इथेच झालं होतं. तान्हं पोर खांद्यावर टाकून ती बापासमोर उभी राहिली.

"बाबा, गाठीचं काय करता?"

"कोनती गाठी?"

"होळीची. पहिल्या होळीले गाठी आजोळची लागते. आईनं सासूले कबूल केलं होतं, आमी घरी पाडलेली पाठवतो मनून. राघूवाली." "बाजारची नका आनजा. माही सासू आताच टोमने मारते. आजी मेली, आता आजोळ बी मेलं, असं मनली ती मले."

"असं मनली?"

"हो."

"मंग राघूवालीच येईन," शालिकराम म्हणाला.

होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेची माळ घालतात, ती गाठी. बाजारात ढिगाने मिळते. पण या घरात ती घरच्या साच्यात पडायची. शालिकरामच्या बापाने सागाच्या दोन फळ्यांवर आंबा, कमळ आणि मधे राघू कोरला होता. दोन्ही फळ्या एकमेकींवर बसवायच्या, मधे दोरा ठेवायचा आणि वरच्या भोकातून पाक ओतायचा. बाप माळी होता, सुतार नव्हता. दुसऱ्या फळीवर राघूचं तोंड उलट बाजूला कोरायला पाहिजे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याने दोन्ही फळ्यांवर राघू एकाच बाजूला बघणारा कोरला. फळ्या मिटल्या की एका राघूला दोन चोची यायच्या, एक इकडे आणि एक तिकडे. पोरांना तोच आवडायचा. कोणाच्या वाट्याला राघू येतो म्हणून मारामाऱ्या व्हायच्या.

बाप मेला आणि मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत जुंपली. शालिकरामच्या पाळीत हिरालालने पाट फोडला असं शालिकराम म्हणायचा. पाट उंदरांनी फोडला असं हिरालाल म्हणायचा. वाटणीला पंच बसले. भांडी वाटली, बैल वाटले, जातंसुद्धा वाटलं. शेवटी साचा उरला. दोघांनाही तो पाहिजे. कोणी सोडायला तयार नाही. पंचांतला म्हातारा रामसिंग कंटाळला होता, तो हसून म्हणाला, "घ्या मंग एक एक फळी." तो थट्टा करत होता. या दोघांनी एक एक फळी उचलली आणि आपापल्या घरात नेली.

शालिकरामची फळी फडक्यात गुंडाळून कणगीवर ठेवलेली असायची. दर होळीला कस्तुरा गाठी करायची, बेबीच्या गळ्यात घालायची. समोर हिरालालच्या पोरांच्या गळ्यातही गाठी असायची. त्याची फळी त्याला, आपली आपल्याला, एवढंच शालिकरामला ठाऊक होतं.

होळी जवळ आली तसा तो कणगीवर चढला. फडकं होतं. फळी नव्हती.

त्याने कणग्या हलवल्या, माळा पाहिला, चुलीमागे पाहिलं. फळी कुठेच नव्हती. मग तो गल्लीत आला आणि समोरच्या दाराकडे तोंड करून ओरडला.

"हिऱ्या! मेलेल्या बाईची वस्तू चोरतं काय रे? निंघ बाहेर!"

हिरालाल बाहेर आला. "कोनती वस्तू?"

"माही फळी!"

"तुही फळी घेऊन मी काय चुलीत घालू? एका फळीवर काय पाडतं गा तू, अर्धा राघू?"

"माह्या बायकोले घरात घेतलं तुमी. माह्या माघारी. तवाच कायतरी डाव होता."

"डाव? तुही बायको माह्या अंगनात मेली, अन् तू तिले कचऱ्यासारखं बाहेर मांगतलं. तुले लाज हाये का?"

दारादारांतून माणसं बाहेर आली. शालिकरामने खाली वाकून दगड उचलला. हिरालाल म्हणाला, "मार. मारून पाह्य." रुखमाबाई मधे पडायला निघाली. तेवढ्यात जिजाबाई बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा होता. दारात म्हैस बांधलेली होती, तिच्याकडे बघून ती बोलली.

"सांग वं त्यायले, फळी माह्यापाशी हाये."

हिरालाल गर्रकन वळला. "तुह्यापाशी?"

"दोनी हायेत. तुमची बी, त्यायची बी."

"माही फळी तं पेटीत हाये."

"पेटीत लाकूड हाये. जळनातलं. फडकं सोडून कधी पाह्यलं तुमी?"

गल्लीत कोणीतरी खुदकन हसलं. हिरालालचं तोंड पडलं.

जिजाबाई आत गेली आणि मागच्या सालची एक गाठी घेऊन आली. जुनी, पिवळी पडलेली. म्हशीच्या पाठीवर ती गाठी ठेवून ती म्हणाली, "हा राघू पाह्य वं. दरसाली त्यायच्या घरात जात होता, आपल्या घरात येत होता. त्यायले पूस, याले चोची किती?"

रुखमाबाईने पुढे होऊन राघू पाहिला.

"एका फळीची गाठी एका अंगानं सपाट निंघते. चोच बी एकच येते. पोरगं बी सांगीन हे. दोन भाऊ एवढे शायने, पाण्याचा थेंब मोजनारे, अन् कोन्याच्याच ध्यानात आलं नाई. बाजाराच्या दिवशी हे शेलूले जात, ते मळ्यात जात. ती फळी पदराखाली घेऊन येत होती. आमी इथं बसून गाठी पाडत होतो. दोनी घरची लेकरं एकाच कढईतलं खात होती."

"मले न सांगता?" हिरालाल म्हणाला.

"सांगतलं असतं तं देली असती?"

शालिकरामच्या हातात दगड तसाच होता.

"गेल्या साली पाक फळीले चिकटला," जिजाबाई म्हशीलाच सांगत होती. "ती मनली, औंदा नातवाची पहिली होळी, फळ्यायले आताच तेल पाजून ठेवू. मनून आली होती. फळ्या बांधता बांधता बसली ती उठलीच नाई."

शालिकराम दगड टाकून घरात गेला. दार लावलं. रिकाम्या घरात तो कस्तुराला वाटेल ते बोलला. फसवी म्हणाला, घरभेदी म्हणाला. दर होळीला ती गाठी घेऊन समोर यायची, पाहा बरं कशी झाली, म्हणायची. तो हातात घ्यायचा. राघू उलटा-सुलटा करायचा. चांगली झाली, म्हणायचा. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. आज निदान दिसेल, उद्या निदान विचारेल, असं तिला वाटत असेल काय? का तिला आतून हसू येत असेल? दोन्ही गोष्टींनी त्याचा जीव जळाला.

होळीच्या आदल्या दिवशी त्याने रेशनची साखर पिशवीत भरली. त्याच्या घरी दुखवटा, कढई चढवायची नव्हती. आणि फळ्या तर तिथे होत्या. बेबीला शब्द दिलेला होता. तो गल्ली ओलांडून हिरालालच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हिरालाल मळ्यात गेलेला होता.

जिजाबाई अंगणात गोवऱ्या रचत होती. तिने पदर पुढे ओढला.

शालिकराम म्हशीकडे बघून म्हणाला, "फळ्या पाह्यजे होत्या."

"म्हशीपाशी नाईत," जिजाबाई म्हणाली.

ती गोवऱ्या रचतच राहिली.

"फळ्या पाह्यजे," तो पुन्हा म्हणाला, या वेळी भिंतीकडे बघून.

"भिंतीपाशी बी नाईत. ज्याले पाह्यजे त्यानं आत या, अन् जिच्यापाशी हायेत तिले मांगा. ती मेली त्या दिवशी मी रीत सोडून बोलली होती. आता दुसऱ्यानं सोडावं."

गल्लीतून जाणारी माणसं बघत होती. शालिकरामला वाटलं परत फिरावं. बाजारातून गाठी घ्यावी, जीपमधे बसावं, बेबीला म्हणावं, साचा फुटला. मग त्याला बेबीच्या सासूचं बोलणं आठवलं. त्याने चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

"द्या," तो म्हणाला.

"काय?"

"फळ्या."

"कोनत्या? आमची का तुमची?"

"दोनी."

"असं," म्हणून जिजाबाई उठली. फळ्या सकाळपासून पाण्यात भिजत पडलेल्या होत्या. ओल्या फळीला साखर चिकटत नाही. म्हणजे तो येणार हे ती धरूनच चालली होती. याचाही त्याला राग आला.

तिने त्याची साखर ताटात ओतली. "कचरा हाये सारा," म्हणाली. चूल पेटवली, पाक चढवला. पाकाला उकळी आली तसं चमचाभर दूध टाकलं. मळी वर आली ती काढली. मग पळीने पाक कढईच्या कडेला घोटू लागली. स्वच्छ पाण्यासारखा पाक हळूहळू धुरकट झाला, दुधासारखा दिसू लागला.

"धरा फळ्या. गच्च. सुटल्या तं हात भाजन."

त्याने दोरा खाचेत बसवला आणि फळ्या मिटून दाबल्या. त्या बांधायची चिंधी जिजाबाईने आणली तेव्हा ती त्याने ओळखली. कस्तुराच्या जुन्या लुगड्याचा काठ होता. त्याने बांधायला सुरुवात केली, पण त्याच्या हाताला गाठ काही जमेना. आणि तेवढ्यात डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन हिरालाल दारात उभा राहिला.

"हा कायले आला इथं?"

"मंग भांडा," जिजाबाई म्हणाली. "पाक थांबत नाई. एकट्यानं फळ्या धरवत नाईत. इकडं या."

"मी? याच्या संगं?"

"दगड होयाच्या आत या!"

हिरालालने पेंढी टाकली. पाक आता पळीला धरू लागला होता, एवढं त्यालाही कळत होतं. तो समोर उकिडवा बसला. एका फळीवर शालिकरामचे पंजे, दुसऱ्या फळीवर हिरालालचे. जिजाबाईने भोकातून पाक ओतला. गरम पाकाची एक धार बाहेर आली आणि दोघांच्याही बोटांवर आली. दोघंही ओरडले. सोडलं कोणी नाही.

"तू मुद्दाम ढिली धरली," हिरालाल म्हणाला.

"पाट फोडनाऱ्यानं मले शिकवू नाई."

"उंदरायनं फोडला पाट!"

"उंदरायले फावडं कोनं देलं?"

"तोंड चालू द्या, हात हालवू नका," जिजाबाई म्हणाली.

थोड्या वेळाने तिने फळी उचलली. गाठी निघाली. आंबा, कमळ, मधे राघू, त्याला दोन चोची. ती पुन्हा पाक तापवत होती, पुन्हा ओतत होती. दोघं भाऊ पुन्हा दाबत होते आणि एकमेकांना बोल लावत होते. बैलाची गोष्ट निघाली, जात्याची निघाली, बापाच्या आजारपणात कोण किती जागलं ते निघालं. एकही जुनी गोष्ट मिटली नाही. चांगली गळाभर माळ तयार झाली.

हिरालाल उठला, हात धुतले. "पाक माह्या चुलीवर झाला. अर्धी गाठी माही."

"साखर माही होती."

"लेकराची हाये ती," जिजाबाईने माळ फडक्यात गुंडाळून शालिकरामपुढे ठेवली. मग ती थेट त्याच्याकडे बघून म्हणाली, "एक सांगतो. ती गेली तवा शुद्धीत होती. माह्यापाशी तुमच्यासाठी एक गोष्ट बोलली. मी आपल्या मनानं नाई सांगनार. त्या दिवशी तुमी आत आले असते तं तवाच कानात सांगतलं असतं. आता पुसा, सांगतो."

हिरालाल हात पुसत जवळ आला.

कस्तुरा गेली ती भिंतीजवळची जागा शेणाने नुकतीच सारवलेली होती. शालिकरामने तिकडे पाहिलं. तिथे जाऊन बसावं असं त्याला वाटलं. त्याचे ओठ हलले. मग त्याने माळ उचलली, आपली फळी उचलली, आणि दारातल्या म्हशीला म्हणाला, "उरलेली साखर इथंच राहू दे, सांग तिले."

तो उंबरा ओलांडून बाहेर आला.

होळीच्या दिवशी तो कामरगावला गेला. बेबीने पोराच्या गळ्यात गाठी घातली आणि ती रडली. तिच्या सासूने, केशरबाईने, माळ उलटून-पालटून पाहिली. खोट काढायला काही सापडेना, तेव्हा व्याह्याला म्हणाली, "इवाई, राघूले दोन चोची कायले? घाईत केली वाटते."

"बापाची चूक हाये," शालिकराम म्हणाला. "आमी तशीच ठेवली."

पोराने राघू तोंडात घातला आणि साऱ्या अंगाला चिकट करून घेतलं.

शालिकरामची फळी आता कणगीवर आहे. दुसरी समोरच्या घरी आहे. पाण्याचं भांडण होतं तिथेच आहे. कस्तुरा शेवटी काय बोलली, ते त्याने जिजाबाईला अजून विचारलेलं नाही.